निकॉन एफएम२ आणि हाताने फोकस करायच्या लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांच्या कपाटात सापडलेला, मामाने देऊन टाकलेला, बंद झालेल्या स्टुडिओतून स्वस्तात आलेला असा एफएम२, म्हणजे निकॉनचा जुना फिल्म कॅमेरा, हातात पडला की साधारण तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. पहिले काही अगदी नवख्यांसाठी आहेत, पुढचे हळूहळू अडचणीचे होत जातात. एफएम, एफई, एफई२ वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. फरक असेल तिथे तसं लिहिलं आहे.

१. एफएम, एफई, एफएम२, एफएम१०... यात नेमका फरक काय?

एफएम १९७७ मध्ये आला, एफई १९७८ मध्ये, एफएम२ १९८२ मध्ये आणि एफई२ १९८३ मध्ये. नावातला 'एम' म्हणजे मेकॅनिकल. या कॅमेऱ्यांचा खटका, म्हणजे शटर, पूर्णपणे स्प्रिंगा आणि चाकांवर चालतो. 'ई' मालिकेत शटरची वेळ इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं, त्यामुळे तिथे ऑटो मोड मिळतो, पण सेल संपला की हाल होतात. एफएम२ २००१ पर्यंत बनत होता. त्यानंतर आलेल्या एफएम३ए मध्ये दोन्ही गुण एकत्र आहेत आणि त्याची किंमतही त्याच तोऱ्याची आहे.

एफएम१० मात्र या घराण्यातला नाही. तो निकॉनसाठी कोसिना कंपनीने बनवला. आपल्याकडे फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांनी ३५-७० झूमसकट तो भरपूर घेतला. हलका आहे, प्लास्टिकचा आहे, शिकायला उत्तम आहे. घरात तो पडून असेल तर एफएम२ च्या मागे लागण्याआधी त्यात दोन-चार रोल टाकून पाहा.

२. माझा एफएम२ पहिल्या आवृत्तीचा की नंतरचा, हे कसं ओळखायचं?

मागच्या बाजूचा अनुक्रमांक बघा. आकड्याआधी 'एन' हे अक्षर असेल तर तो १९८४ पासूनचा. पहिल्या आवृत्तीत फ्लॅशसाठी कमाल वेग १/२०० सेकंद होता, 'एन'मध्ये तो १/२५० झाला. सुरुवातीच्या शटरची पाती टायटॅनियमची असून त्यांवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. १९८९ च्या सुमारास सपाट ॲल्युमिनियमची पाती आली. टायटॅनियमवाल्याला बाजारात जास्त भाव मिळतो. माझ्या मते तो भाव कौतुकाचा आहे. चाळीस वर्षं पडून राहिलेल्या टायटॅनियमपेक्षा गेल्या महिन्यापर्यंत वापरात असलेलं ॲल्युमिनियम कधीही घ्यावं.

पाती ओळखण्यासाठी मागचं झाकण उघडलंत तर बोट लावू नका. ती अतिशय पातळ असतात. एकदा मुडपली की शटर बदलण्याशिवाय इलाज उरत नाही.

३. सेल नसेल तर फोटो निघतो का?

निघतो, आणि सगळ्या वेगांवर निघतो, १ सेकंदापासून १/४००० पर्यंत. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. तळाशी एलआर४४ किंवा एसआर४४ असे दोन बटणसेल बसतात. घड्याळवाल्याकडे सहज मिळतात. एसआर४४ थोडा महाग असतो, पण शेवटपर्यंत दाब सारखा ठेवतो, म्हणून तोच घ्या. त्या दोघांच्या जागी ३ व्होल्टचा एकच लिथियम सेल, सीआर १/३एन, हाही चालतो. कॅमेरा महिनोन् महिने बाजूला ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा. पाझरलेला सेल आतला संपर्क खाऊन टाकतो.

४. नवे सेल घातले तरी मीटरच्या दिव्या लागत नाहीत. कॅमेरा बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. रोल पुढे सरकवायचा लीव्हर अंगाला चिकटलेला असतो तेव्हा एफएम२ कुलूपबंद असतो. लीव्हर अंगठ्याने थोडा बाहेर ओढा आणि बटण अगदी हलकं दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे लाल दिवी लागेल आणि थोड्या वेळाने आपोआप विझेल. तरीही लागली नाही तर सेलचं झाकण काढून संपर्कावरची हिरवट बुरी पेन्सिलीच्या खोडरबराने घासा. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांना तो बाहेर आलेला लीव्हर कपाळाला टोचतो. त्यावर उपाय नाही, सवय होते.

५. अधिक, शून्य आणि उणे या तीन दिव्यांतून नेमकं काय कळतं?

तीन दिव्यांतून पाच निरोप मिळतात. एकटं शून्य म्हणजे मीटरच्या मते बरोबर. अधिक आणि शून्य एकत्र म्हणजे थोडा जास्त प्रकाश, एका स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एकटं अधिक म्हणजे एका स्टॉपहून जास्त. उणेचंही तसंच. शटरचा वेग किंवा लेन्सवरची ॲपर्चरची (प्रकाश आत येणाऱ्या छिद्राची) रिंग फिरवत शून्यावर यायचं, एवढंच काम. काळा-पांढरा किंवा रंगीत निगेटिव्ह रोल असेल तर शून्य-अधिक यावरही बिनधास्त फोटो काढा, निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश मानवतो. स्लाइड फिल्मला तो मानवत नाही.

६. मीटर खरं बोलतंय की नाही, हे घरच्या घरी कसं तपासू?

निरभ्र आकाश, सकाळचे दहा-अकरा, सूर्य तुमच्या पाठीशी. अशा उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे फिल्म किती संवेदनशील आहे ते सांगणाऱ्या आकड्याच्या, जवळच्या आकड्यावर ठेवायचं, हा जुना नियम आहे. आयएसओ २०० असेल तर १/२५०, ४०० असेल तर १/५००. हिरवळ किंवा डांबरी रस्ता अशा मध्यम रंगाच्या गोष्टीकडे कॅमेरा रोखा. शून्य किंवा त्याच्या शेजारची जोडी लागली तर मीटर ठीक आहे. फोनवरच्या लाइट मीटर ॲपशीही ताडून पाहता येईल. मीटर नेहमी एकाच बाजूला सारखंच चुकत असेल तर दुरुस्तीला टाकायचीही गरज नाही, आयएसओची तबकडी तेवढी सरकवून ठेवा. कधी बरोबर, कधी दोन स्टॉप इकडे, असं असेल तर मात्र मेकॅनिकला दाखवावं लागेल.

७. वारीचे फोटो काढले, पांढरी धोतरं राखाडी आली आणि चेहरे काळे. मीटरने फसवलं का?

मीटरने त्याच्या स्वभावाप्रमाणेच केलं. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून ते चालतं. एफएम२ चं मीटर मधल्या १२ मिलिमीटरच्या वर्तुळाला ६० टक्के वजन देतं आणि उरलेल्या चौकटीला ४०. त्या वर्तुळात पांढरंशुभ्र धोतर, टोपी, वर ढगाळ उजळ आभाळ आलं की त्याला वाटतं फार प्रकाश आहे. तुम्ही त्याचं ऐकून छिद्र बारीक करता आणि सावळा चेहरा अंधारात जातो.

एफएम२ वर एक्स्पोजर वाढवण्या-कमी करण्याची वेगळी चकती नाही, आणि तिची गरजही नाही. चौकट पांढऱ्याने भरली असेल तर मीटर शून्यावर आणा आणि मग ॲपर्चर एक ते दीड स्टॉप उघडा. उलट प्रकार वेरूळला होतो. काळ्या बेसॉल्टमध्ये खोदलेली लेणी मध्यम करड्या रंगाची करायला मीटर प्रकाश वाढवतं आणि दगड फिकट, भुरकट येतो. तिथे साधारण एक स्टॉप कमी करा.

याहून सोपी युक्ती तळहाताची. ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात आपला तळहात धरून त्यावर मोजमाप घ्या. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून आलेल्या आकड्यात एक स्टॉप उघडा. आता समोरचा पांढऱ्या कपड्यातला असो की काळ्या घोंगडीतला, आकडे बदलायचे नाहीत. उजेड बदलला तरच पुन्हा मोजायचं. वारीसारख्या ठिकाणी दर फोटोला दिव्यांशी झटापट करण्यापेक्षा अर्ध्या तासातून एकदा तळहात पाहणं कितीतरी सुखाचं.

८. मधल्या गोलात चित्र दुभंगलेलं दिसतं. फोकस कसा करायचा?

तेच तर फोकसचं साधन. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या काचेवर मध्यभागी दुभंगलेल्या चित्राचा गोल आणि त्याभोवती बारीक दाण्यांचं कडं असतं. दाराची चौकट, नाकाची कड, चष्म्याची काडी अशी एखादी उभी रेघ गोलात धरा आणि लेन्सची रिंग फिरवा. दोन अर्धे जुळले की फोकस झाला. उभी रेघच नसेल तर कॅमेरा तिरका करा, जुळवा आणि मग सरळ करून फोटो काढा. दाण्यांच्या कड्यात फोकस नसताना चित्र लुकलुकतं आणि फोकस आला की शांत होतं. चेहऱ्यासाठी मला हे कडंच जास्त सोयीचं वाटतं.

गोलाचा अर्धा भाग काळा पडत असेल तर एक तर डोळा मध्यावर नाही, नाहीतर लेन्स मंद आहे, म्हणजे तिचं छिद्र फार मोठं उघडत नाही. एफ/४ पर्यंत ठीक चालतं, एफ/५.६ च्या झूमवर अर्धा गोल काळा होणारच.

चष्मा असलेल्यांसाठी: व्ह्यूफाइंडरच्या काचेवर स्क्रूने बसणारी नंबराची भिंगं मिळतात. ती घेताना एक लक्षात ठेवा, निकॉनच्या व्ह्यूफाइंडरचा मूळ नंबर उणे १ धरलेला असतो आणि भिंगांवरचे आकडे तो धरूनच लिहिलेले असतात. दुकानात डोळा लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

९. चालती माणसं, धावती मुलं, हलती पालखी. एवढ्यात रिंग कधी फिरवायची?

फिरवायचीच नाही. अंतर आधी लावून ठेवायचं. जुन्या निकॉर, म्हणजे निकॉनच्याच, लेन्सवर फोकसच्या रिंगेशेजारी रंगीत रेघा असतात. त्यातल्या प्रत्येक जोडीचा रंग त्याच रंगात छापलेल्या ॲपर्चरच्या आकड्याशी जुळतो. दोन रेघांच्या मधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

२८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवा आणि अंतर सव्वातीन मीटरच्या आसपास लावा. सुमारे १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये. आयएसओ ४०० चा रोल आणि दिवसाचा उजेड असेल तर १/२५० किंवा १/५०० सहज मिळतं. प्रश्न ७ मधल्या तळहाताने प्रकाशही मोजून ठेवलेला असेल तर आता तुमच्यापुढे फक्त चौकट उरते. जगातला कुठलाही ऑटोफोकस यापेक्षा जलद नाही, कारण इथे फोकस करायला वेळच लागत नाही.

५० मिलिमीटरवर हा खेळ तितका उदार नाही. एफ/८ वर १० मीटर लावलं तर जवळची हद्द ५ मीटर. गर्दीत शिरायचं असेल तर २८ किंवा ३५ च न्या.

१०. पहिली लेन्स कोणती घेऊ? पैसे थोडेच आहेत.

५० मिलिमीटर एफ/१.८. स्वस्त, हलकी, संध्याकाळीही फोकस होण्याइतकी उजळ. एफ/१.४ साठी जास्त पैसे मोजण्याऐवजी तेवढ्याचे रोल घ्या. झूमने सुरुवात करू नका. कारण प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

दुसरी लेन्स २८ मिलिमीटर एफ/२.८. तिच्या एआय-एस आवृत्तीत (म्हणजे काय, ते प्रश्न ११ मध्ये) २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं आणि तिथेही ती धारदार राहते. तिसरी, पैसे साठले की, १०५ मिलिमीटर एफ/२.५. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, जी जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली, ती एफएम२ आणि याच १०५ ने, कोडाक्रोम ६४ वर. लेन्स घेतल्याने तसा फोटो येत नाही, हे सांगायला नको. पण चेहऱ्यासाठी या लेन्सइतकी प्रेमळ लेन्स मी पाहिलेली नाही.

निकॉनच्या 'ई' मालिकेतल्या स्वस्त लेन्सना नाक मुरडणारे बरेच आहेत. १०० मिलिमीटर एफ/२.८ ई हातात घेऊन बघा, मत बदलेल. ७५-१५० एफ/३.५ झूमही काचेने उत्तम आहे, फक्त खाली धरली की तिची नळी आपली आपण घसरते.

सगळ्यांत मोठी सोय फिल्टरची. २४ पासून २०० पर्यंतच्या बहुतेक नेहमीच्या निकॉर लेन्सचा फिल्टर ५२ मिलिमीटरचा. एक पिवळा फिल्टर घेतला की सगळ्यांना पुरतो.

११. 'एआय', 'एआय-एस', 'नॉन-एआय' ही काय भानगड आहे? कुठलीही जुनी निकॉर बसते ना?

नाही. या पानावरचं सगळ्यांत महागात पडू शकणारं उत्तर हेच.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आकाराने तोच आहे, त्यामुळे १९६०-७० मधली लेन्स एफएम२ समोर धरली की बसेलसं वाटतं. पण १९७७ मध्ये ॲपर्चर कॅमेऱ्याला कळवण्याची पद्धत बदलली. आधीच्या लेन्स वरच्या धातूच्या दुबेळक्यातून निरोप देत. नव्या, म्हणजे एआय लेन्स, ॲपर्चर रिंगेच्या मागच्या कडेने कॅमेऱ्यावरची एक छोटी खुंटी ढकलतात. एफएम आणि एफई वर ती खुंटी दुमडता येते, म्हणून जुनी लेन्स लावता येते. एफएम२ वर ती दुमडत नाही. नॉन-एआय लेन्स जोर लावून फिरवली की खुंटी वाकते किंवा मोडते.

ओळखायचं कसं: ॲपर्चर रिंगेवर आकड्यांच्या दोन ओळी, एक मोठी आणि एक बारीक, असतील तर लेन्स एआय किंवा त्यानंतरची. बारीक ओळ व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या खिडकीतून वाचण्यासाठी असते. एकच ओळ असेल तर थांबा. दुबेळकं आहे की नाही एवढ्यावर विसंबू नका, कारण एआयवरही ते असतं, फक्त त्याला भोकं पाडलेली असतात. सगळ्यांत लहान छिद्राचा आकडा नारिंगी असेल तर ती एआय-एस. एफएम२ ला एआय आणि एआय-एस यांत काडीचा फरक पडत नाही, तेव्हा नुसत्या 'एस'साठी जास्त पैसे देऊ नका.

नॉन-एआय लेन्सची रिंग कानशीने घासून एआय करून देणारे मेकॅनिक आहेत. काम नीट झालं असेल तर ती लेन्स बिनधास्त वापरावी.

१२. मुलाच्या डिजिटल निकॉनची लेन्स एफएम२ वर चालेल का?

लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे का ते पाहा. एएफ-डी प्रकारावर ती असते, म्हणून त्या लेन्स हाताने फोकस करून छान चालतात, जरी रिंग जरा खुळखुळीत वाटली तरी. 'जी' प्रकारावर रिंग नसते. ती एफएम२ वर बसते, पण छिद्र कायम सर्वांत बारीकवर अडकतं. नव्या 'ई' प्रकारात छिद्र विजेवर चालतं, म्हणून ते कायम पूर्ण उघडं राहतं. हा 'ई' आणि प्रश्न १० मधली जुनी ई मालिका यांचा काही संबंध नाही. डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली, लेन्स लावलीत तर फोटोचे कोपरे काळे येतील.

१३. आणि उलट? जुनी लेन्स डिजिटलवर?

मजा येते. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड अडॅप्टर लावला की ए आणि एम मोडमध्ये मीटरसकट चालते आणि चित्र मोठं करून फोकस करता येतो. डी७००० किंवा डी८०० सारख्या डीएसएलआरमध्ये मेनूत लेन्सचा आकडा भरला की मीटर चालतं. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांवर लेन्स बसते, पण मीटर चालत नाही, एम मोडमध्ये अंदाजाने काढावं लागतं. छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, हे धरून चाला.

१४. रोल कोणता टाकू?

पहिल्यासाठी इलफोर्ड एचपी५ प्लस. आयएसओ ४००, चुका पोटात घालणारा, घरी धुता येणारा. रंगीत हवा असेल तर कोडॅक गोल्ड २०० बाहेरच्या उन्हात सुंदर, घरात मात्र अपुरा. घरातल्या समारंभाला ४०० चाच घ्या. खर्चाचं विचाराल तर रोल, धुलाई आणि स्कॅन यांची बेरीज करून ३६ ने भागा. जो आकडा येईल तो मनात धरून बटण दाबा. फोटो आपोआप कमी आणि बरे येतात.

१५. सिनेमाच्या रिळातून भरलेले स्वस्त रोल मिळतात. घ्यावेत का?

फिल्म चांगली असते, अडचण धुलाईची. सिनेमाच्या बहुतेक फिल्मच्या पाठीवर काजळीचा थर असतो आणि तिची रसायनंही वेगळी. तसा रोल न सांगता नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये दिला तर काजळी सुटून त्यांचं मशीन आणि इतरांचे रोल दोन्ही खराब होतात. तो थर काढून देणारी लॅब आधी शोधा, मगच रोल घ्या. नावापुढे 'टी' असलेली फिल्म पिवळ्या दिव्यांसाठी असते, दिवसा ती निळी येते.

१६. कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे रोल सापडले. चालतील?

रंगीत निगेटिव्ह असेल तर मुदत संपल्यानंतरच्या दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त प्रकाश द्या. आयएसओ २०० चा वीस वर्षं जुना रोल ५० समजून वापरा. आपल्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात राहिलेल्या रोलला हाही हिशोब कमी पडतो. काळे-पांढरे रोल जास्त चिवट. क्वचित उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' हाती लागतो. तो कारखाना आता राहिलेला नाही, तेव्हा एखादा खोका न उघडता आठवण म्हणून ठेवायलाही हरकत नाही. कुणाच्या लग्नाला मात्र असा रोल नेऊ नका.

१७. रोल नीट पकडला गेला आहे हे कसं कळणार? एकदा छत्तीस फोटो कोरे आले.

झाकण लावल्यावर डावीकडची गुंडाळायची कळ हलकेच उलट फिरवून फिल्म ताणून घ्या. मग लीव्हर ओढताना त्या कळीकडे बघा. ती फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म दातांवरून सुटली आहे. वरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, ते फिल्म नसतानाही पुढे जातात.

१८. लीव्हर मध्येच अडकला. जोर लावू?

मुळीच नाही. आधी आकडा पाहा. ३६ किंवा ३७ असेल तर रोल संपला आहे: तळाचं छोटं बटण दाबा आणि कळीने उलट गुंडाळा. आकडा मधलाच असेल तर खटका आधीच चढलेला आहे का पाहा, म्हणजे बटण दाबून बघा. बटणही दाबलं जात नसेल तर सेल्फ-टायमरचा दांडा अर्धवट खाली आहे का ते तपासा. तरीही काही हलत नसेल तर रोल तसाच ठेवून मेकॅनिककडे जा. आरसा वर अडकला असेल तर त्याला बोटाने ढकलू नका.

१९. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बुरशी आहे का? लेन्स टाकून द्यावी?

फोनचा टॉर्च मागून लावून समोरून तिरकं पाहा. फांद्या फुटल्यासारखं जाळं म्हणजे बुरशी. एकसारखा धूसर पडदा म्हणजे ग्रीसची वाफ. कडेने इंद्रधनुष्यासारखे डाग दिसले तर दोन भिंगांमधला चिकटवा सुटतो आहे, आणि ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

कडेला असलेली थोडी बुरशी फोटोत दिसत नाही. स्वच्छ करता येते, पण फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाऊन कायमचा ओरखडा ठेवते. म्हणून टाकून देऊ नका आणि टाळाटाळही करू नका. साफ होईपर्यंत ती इतर लेन्सपासून लांब ठेवा.

ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर तो वेगळा आजार. उन्हाळ्यात फोकसचं ग्रीस पातळ होऊन तिथे उतरतं आणि पाती आळसावतात. ५५ मिलिमीटर एफ/२.८ मायक्रो निकॉर यासाठी कुप्रसिद्ध आहे. ती घेताना मागचा दांडा सरकवून पाती झटकन मिटतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

२०. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेरा ठेवायचा कुठे?

चामड्याच्या केसमध्ये नाही. ती ओल धरून ठेवते आणि बुरशीला घर मिळतं. स्वयंपाकघरात मिळतो तसा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या कॅमेऱ्याजवळ नकोत. परवडत असेल तर विजेवर चालणारी कोरडी पेटी घ्या.

पण यापेक्षा स्वस्त औषध म्हणजे वापर. उजेड आणि वारा लागणाऱ्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही.

२१. जुना कॅमेरा विकत घेताना दुकानात काय काय पाहू?

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार असो की चोर बाजार, सोबत दोन बटणसेल न्या. झाकण उघडून १ सेकंदावर खटका मारा: कुरकुर एका लयीत सुरू होऊन पूर्ण झाली पाहिजे. मधे अडखळली तर आतलं तेल वाळलं आहे. मग फोनवर स्लो-मोशन घेऊन १/३०, १/१५ तपासा. १/४००० वर उघड्या झाकणाच्या बाजूने पांढऱ्या भिंतीकडे बघा, चौकटभर एकसारखा उजेड चमकायला हवा. झाकणाच्या खाचांतला काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो बदलावा लागेल. ते काम किरकोळ आहे, त्यावर किंमत मात्र पाडून घ्या. शेवटी लेन्स अनंतावर लावून दूरच्या इमारतीत दुभंगलेलं चित्र जुळतं का बघा. जुळत नसेल तर आरसा हललेला आहे, किंवा कुणीतरी आत हात घातलेला आहे.

बाहेरचे खरचटे आणि उडालेला काळा रंग याकडे दुर्लक्ष करा. चकाकणारा, एकही ओरखडा नसलेला कॅमेरा बहुधा वीस-तीस वर्षं खटका न मारता पडून होता. त्याचं शटर जास्त निरखून पाहा.

२२. काळा-पांढरा रोल घरी धुता येतो का? आमच्या नळाला उन्हाळ्यात गरम पाणी येतं.

येतो. खरी अडचण तुम्ही म्हणता तीच आहे. एचपी५ साठी डी-७६ या डेव्हलपरमध्ये, तो न पातळ करता, २० अंशांवर साडेसात मिनिटं, असं तक्ता सांगतो. मे महिन्यात नळाचं पाणी तीसच्या आसपास असतं. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा, बर्फ आत टाकू नका. २२-२४ वर थांबलात तरी चालेल, तक्त्यात त्या तापमानाची कमी वेळ पाहून घ्या. पण पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, फिल्म एकसारखी धुतली जात नाही. डेव्हलपर २४ वर आणि धुवायचं पाणी ३२ वर, असं करू नका. धुवायचं पाणीही आधी माठात भरून ठेवा.

अंधाराच्या पिशवीत हात घालून रोल चक्रीवर चढवायचं काम दमट हवेत रात्री उशिरा, पंख्याखाली करा. घामेजल्या हातांनी फिल्म चक्रीत अडकून बसते आणि मग चिडचिड होते.

२३. अर्धा रोल झाला आहे आणि दुसरा घालायचा आहे. काय करू?

आकडा कागदावर लिहून घ्या. तळाचं बटण दाबून हळूहळू गुंडाळा. फिल्म सुटल्याचा हलका टक् ऐकू आला आणि कळ सैल झाली की थांबा, शेपूट बाहेर राहील. पुन्हा घालताना लेन्सवर झाकण, १/४०००, सर्वांत बारीक छिद्र, आणि लिहिलेल्या आकड्याच्या एक-दोन पुढे जाईपर्यंत खटके मारा. शक्यतो अंधाऱ्या खोलीत.

२४. विमानतळावर रोलचं काय?

चेक-इन सामानात कधीही टाकू नका, तिथली क्ष-किरणं तीव्र असतात. रोल पारदर्शक पिशवीत हाताशी ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. मान्य होईल असं नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रातून ४०० पर्यंतचा रोल एक-दोनदा गेला तर सहसा काही होत नाही. नव्या सीटी यंत्रांतून मात्र एकदाही जाऊ देऊ नका. कॅमेऱ्यात अर्धा झालेला रोल असेल तर प्रवासाआधीच काढून घ्या, रीत प्रश्न २३ मध्ये आहे.

२५. ट्रायपॉडवर १/१५ ला फोटो हलतात. आरसा आधी वर करायची सोय नाही का?

वेगळी कळ नाही, पण वाट आहे. सेल्फ-टायमर लावून बटण दाबलं की आरसा लगेच वर जातो आणि शटर सुमारे दहा सेकंदांनी उघडतं. तोवर कंप थांबलेला असतो. बटणाच्या मध्यभागी साधी स्क्रूची केबल बसते. ती बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारी खूण) रात्रीच्या फोटोंसाठी घ्या.

२६. एकाच फ्रेमवर दोन फोटो घ्यायचे आहेत, पण लीव्हर ओढला की फिल्म पुढे जाते.

लीव्हरच्या बुडाशी एक छोटा दांडा आहे. तो मागे ओढून धरा आणि मग लीव्हर ओढा. खटका चढतो, फिल्म जागची हलत नाही. प्रकाश दुप्पट होऊ नये म्हणून आयएसओ ४०० चा रोल असताना तबकडी ८०० वर ठेवा. काळी पार्श्वभूमी असेल तर हे करायची गरज नाही. झाल्यावर तबकडी परत आणायला विसरू नका.

२७. सर्व्हिसिंग किती वर्षांनी करायचं?

नियमित वापर असेल आणि प्रश्न २१ मधल्या तपासण्यांत सगळं नीट असेल तर उगाच उघडायला देऊ नका. पडून राहिलेला कॅमेरा आधी रोल न घालता सगळ्या वेगांवर बरेच खटके मारून जागा करा. अनेकदा तेवढ्यानेच मंद वेग सुधारतात. रोल घ्यायला पैसे नसतील त्या महिन्यातही खटका मारा, रिंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आणि कुणी 'सर्व्हिस केलेला आहे' म्हणून जास्त किंमत सांगितली तर कोणी केलं आणि काय बदललं, हे विचारा.